प्रभुभोजन चालू होते आणि मी पैसे मोजत होते

मंडळ्यांचे पाळक, वडीलजन आणि कमिट्यांचे सर्व सभासद यांस,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

मी उपदेशक नाही, ईश्वरविज्ञानाचे शिक्षणही घेतलेले नाही. मंडळीत वाढले, शब्बाथ शाळेत आधी शिकले आणि मग शिकवले, महिला संघाची चिटणीस झाले आणि गेली 9 वर्षे खजिनदार आहे. हे पत्र बंद पाकिटात घालून एका कमिटीच्या हाती देता आले असते. पण निरनिराळ्या मंडळ्यांतल्या, निरनिराळ्या पंथांतल्या माणसांशी बोलताना मला माझीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू येते, म्हणून उघडपणे लिहिते आहे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असते, म्हणजे प्रभूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून भाकरी आणि पेला घ्यायचा. दान गोळा झाले की थैल्या घेऊन मागच्या खोलीत जायचे, नोटा एका अंगाला तोंड करून लावायच्या, नाण्यांचे ढीग करायचे, तक्ता भरून सही करायची आणि शेवटच्या सूचनांच्या आत आकडा पाळकांच्या हातात द्यायचा, अशी जुनी पद्धत. त्या रविवारी माझ्या जोडीचे सभासद आले नव्हते. बेरीज दोनदा जुळली नाही. तिसऱ्यांदा मोजायला घेतले तेव्हा भिंतीपलीकडून पाळकांचा आवाज आला: "हे माझे शरीर आहे..." आणि माझ्या मनात आले, जरा हळू बोला, माझी मोजणी चुकते आहे.

मी ते तोंडाने म्हटले नाही. पण मनात म्हटले, आणि ते ऐकून मीच थिजले.

थोड्या वेळाने नेहमीप्रमाणे एक ताई माझ्यासाठी बशीत भाकरीचा तुकडा आणि इवलासा पेला झाकून घेऊन आल्या. माझ्या बोटांत रबरबँड अडकवलेला होता. तो तसाच ठेवून मी उभ्याउभ्या घेतले, तोंड पुसले आणि आकडा लिहिला. घरी आल्यावर विचार करू लागले, सगळ्यांबरोबर बाकावर बसून आपण प्रभुभोजन घेतल्याला किती दिवस झाले? आठवेना. मग मोजणीच्या तक्त्यांची फाइल काढली, कारण प्रत्येक तक्त्यावर माझी सही असते. ओळीने 27 पहिल्या रविवारी माझी सही होती. सव्वादोन वर्षे मी प्रभूच्या मेजावर बसलेच नव्हते, आणि याचा पुरावा माझ्याच अक्षरात होता.

याचा दोष मी कोणाला देत नाही. ती खोली माझ्यावर कोणी लादली नव्हती. मला ते काम आवडत होते. आपल्यावाचून अडते हे आवडत होते. उपासनेत बसून स्वतःच्या मनाशी समोरासमोर येण्यापेक्षा नोटांशी समोरासमोर येणे सोपे होते, हेही आज मी मान्य करते.

पापाविषयी तुम्ही आम्हाला सावध करत आलात. व्यसन, व्यभिचार, लबाडी, वैर यांवर मी आयुष्यभर उपदेश ऐकले आणि ते ऐकायलाच हवे होते. पण मला 27 वेळा मेजापासून दूर ठेवले ते एका चांगल्या कामाने, तुम्ही दिलेल्या कामाने. या धोक्याबद्दल आम्हाला फारसे कोणी सांगितले नाही. प्रभूने मात्र सांगितले आहे. लूकच्या 14व्या अध्यायातली मेजवानी पुन्हा वाचा. एकाने शेत घेतले होते, ते पाहायला जायचे होते. दुसऱ्याने बैलांच्या 5 जोड्या घेतल्या होत्या, त्या पारखायच्या होत्या. तिसऱ्याचे नुकतेच लग्न झाले होते. ते खोटे बोलले असे प्रभू कुठेच म्हणत नाही. शेत खरे, बैल खरे, बायकोही खरी. पहिले दोघे तर अगदी सभ्यपणे माफी मागतात. तिसऱ्याच्या बाजूने शास्त्राचा आधारही काढता आला असता, कारण नवे लग्न झालेल्याला वर्षभर लढाईवर पाठवू नये असे जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 24व्या अध्यायात लिहिलेले आहे. तरी यजमानाला राग आला. ही लढाई नव्हतीच. त्याने जेवायला बोलावले होते, पाने मांडून तो वाट पाहत होता, आणि प्रत्येकाला त्याच्यापेक्षा दुसरे काहीतरी पाहायचे होते.

आपण ज्याला पहिली आणि मोठी आज्ञा म्हणतो ती आम्हा सर्वांना तोंडपाठ आहे. "तू आपला देव परमेश्वर ह्याच्यावर पूर्ण मनाने, पूर्ण जिवाने व पूर्ण शक्तीने प्रीती कर." अनुवादाच्या 6व्या अध्यायात 'पूर्ण' तीनदा आहे. मार्कच्या 12व्या अध्यायात शास्त्र्याला उत्तर देताना प्रभू येशू त्यात बुद्धीही घालतो, म्हणजे चारदा. 'शक्ती' म्हणून आपण जो शब्द वाचतो तो मूळ इब्रीत 'मेओद' आहे, आणि त्याचा रोजचा अर्थ 'फार', 'अतिशय' असा आहे. देवाने आपण केलेले सर्व काही पाहिले आणि ते फार चांगले होते, त्या उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातला 'फार' तो हाच. हे कळले तेव्हा मी कितीतरी वेळ त्या एका शब्दापाशी थांबले. तुझ्या सगळ्या 'फार'ने प्रीती कर. तुझ्याजवळ जे काही पुष्कळ आहे, ज्यात तुझा जीव ओतला जातो, ते सगळे घेऊन ये. माझ्या बाबतीत ते काय होते? काटेकोरपणा. चिकाटी. तो सगळा 'फार' मी वहीला दिला होता आणि देवाला उरलेसुरले.

यहूदाचा राजा अमस्या याच्याबद्दल कोणी उपदेश करत नाही, निदान माझ्या ऐकण्यात नाही. त्याने 29 वर्षे राज्य केले. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात 25व्या अध्यायाच्या सुरुवातीलाच त्याची ओळख आहे: परमेश्वराच्या दृष्टीने जे योग्य ते त्याने केले, पण पूर्ण मनाने केले नाही. एवढेच. तेव्हा तरी मूर्तिपूजक नाही, दुष्ट नाही, सगळे नियमाप्रमाणे करणारा. लढाईसाठी त्याने इस्राएलातून भाडोत्री सैनिक घेतले आणि 100 किक्कार चांदी मोजून दिली. देवाचा माणूस येऊन म्हणाला, त्यांना बरोबर नेऊ नकोस. तेव्हा राजाच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा की मग मी दिलेल्या 100 किक्कारांचे काय करावे? खजिनदार म्हणून हा प्रश्न मला इतका ओळखीचा वाटतो की अंगावर काटा येतो. संदेष्टा म्हणाला, परमेश्वर तुला याहून पुष्कळ अधिक देऊ शकतो. अमस्याने ऐकले, सैनिक परत पाठवले, लढाई जिंकली. आणि जिंकून येताना काय घेऊन आला? हरलेल्या सेईरच्या लोकांची दैवते. ती त्याने घरी मांडली आणि त्यांच्यापुढे धूप जाळला. आज्ञा पाळूनही त्याच्या मनातली एक खोली रिकामीच होती. तिच्यात नंतर काय येऊन बसले ते तुम्हीच वाचा.

आता मार्थेविषयी. प्रभू घरी आला तेव्हा तिची बहीण मरीया त्याच्या पायांशी ऐकत बसली आणि मार्था पाहुणचाराच्या कामात गुंतली. कामाची बाई म्हणून मी नेहमी तिची बाजू घेत आले. महिला संघात लूकचा 10वा अध्याय निघाला की मी हमखास म्हणायची, सगळ्याच मरीया होऊन बसल्या तर पाहुण्यांचे कोण करणार? सगळ्या हसायच्या आणि विषय संपायचा. आज ते हसू मला टोचते, कारण त्या हसण्याने आम्ही प्रभूचे बोलणे मध्येच तोडले होते.

लूकने तिच्या अवस्थेसाठी जो ग्रीक शब्द वापरला आहे त्याचा अर्थ चहूकडून ओढले जाणे असा आहे. ती काम करत होती हा दोष नव्हता, ती ओढली जात होती. आणि ओढले जाणारे माणूस काय करते तेही लूक लपवत नाही. ती पाहुण्यालाच येऊन सुनावते: प्रभू, माझ्या बहिणीने माझ्या एकटीवर काम टाकले याची तुला पर्वा नाही काय? ज्याच्यासाठी हे सगळे चालले होते त्यालाच तिने कामाची वाटणी करून द्यायला सांगितले. "हळू बोला, माझी मोजणी चुकते आहे," हे माझे वाक्य आणि तिचे वाक्य बहिणीबहिणी आहेत.

प्रभूने तिला दोनदा नावाने हाक मारली. "मार्था, मार्था." पुराव्यात पकडल्यासारखी ती हाक नाही. घाईने दारातून बाहेर निघालेल्या मुलीला आई मागून हाक मारते तशी आहे. मग तो म्हणाला की एकाच गोष्टीचे अगत्य आहे. स्वयंपाक बंद कर असे तो म्हणाला नाही.

या बाईची गोष्ट तिथे संपत नाही, आणि हे आम्हाला कोणीतरी आधीच सांगायला हवे होते. योहानाच्या 11व्या अध्यायात भाऊ मेलेला असताना प्रभूला गाठायला गावाबाहेर जाते ती मार्था. "तू ख्रिस्त, देवाचा पुत्र आहेस," अशी कबुली देते ती मार्था. आणि 12व्या अध्यायात पुन्हा मेज मांडलेले आहे, पुन्हा पाहुणे आहेत, आणि योहान लिहितो की मार्था वाढत होती. तेच हात आणि तेच काम. पण या वेळी तक्रारीचा एक शब्द नाही, आणि पायांशी असलेल्या बहिणीकडे रागाने पाहणेही नाही. मला वाटते, त्या मधल्या काळात तिच्यातले ओढले जाणे थांबले होते.

त्याच मेजाशी मरीयेने जटामांसीचे मौल्यवान तेल प्रभूच्या पायांवर ओतले. घर सुवासाने भरले. आणि एकाने हिशेब केला: हे तेल 300 दिनारांना विकून गरिबांना का दिले नाही? मजुराला दिवसाचा एक दिनार मिळे हे मत्तयाच्या 20व्या अध्यायावरून कळते, म्हणजे जवळजवळ वर्षभराची मजुरी. हिशेब अगदी बरोबर होता. तो करणारा यहूदा इस्कार्योत होता, आणि योहान सांगतो की डबी त्याच्याकडे असे. बारा जणांचा खजिनदार! तो चोर होता हे खरे आणि मी चोर नाही हेही खरे. तरी ते वाक्य वाचताना मला बरे वाटत नाही, कारण त्या खोलीत मी असते तर 300 हा आकडा माझ्याही मनात सगळ्यांत आधी आला असता. पूर्ण मनाची भक्ती हिशेबाच्या वहीत नासाडी म्हणूनच दिसते. प्रभूने मात्र ती नासाडी स्वीकारली आणि म्हणाला, तिला असू दे.

कोणी म्हणेल, बाई, तुम्ही आता घरदार सोडून सगळ्यांना प्रार्थनेला बसवायला निघालात. तसे नाही. मार्कच्या 7व्या अध्यायात प्रभूने ज्यांना कडक शब्दांत फटकारले ते कोण होते? आईबापांना द्यायचे ते 'कुर्बान' आहे, देवाला वाहिलेले आहे, असे म्हणून हात झटकणारे. देवाच्या नावाने कर्तव्य चुकवणे हा भक्तीचा प्रकार नाही. अंथरुणाला खिळलेल्या आईची शुश्रूषा करणारी मुलगी महिनोन्महिने उपासनेला येऊ शकली नाही, म्हणून तिची निष्ठा कमी असे बोलणाऱ्यांना मी ऐकले आहे. त्यांनी तो अध्याय गुडघ्यावर बसून वाचावा. नोकरी, संसार, मुले, म्हातारी माणसे ही सगळी देवानेच दिलेली आहेत. त्यांच्यावरची प्रीती घटवून देवाला वाढवून द्यायची नाही. पहिल्या जागी तो बसला की बाकीच्यांना आपापली जागा मिळते. तो तिथे नसला की त्यांतली एखादी गोष्ट ती जागा घेते, आणि मग तिच्यावर आपण देवाच्या वजनाचा भार टाकतो. आपल्या मुलांकडे पाहा. आईबापांच्या सगळ्या आशांचे ओझे घेऊन ती किती वाकली आहेत! परीक्षा आली की पहिली सुटते ती शब्बाथ शाळा. आपण मुलांना कधी म्हणत नाही की देवापेक्षा गुण मोठे. म्हणायची गरजच पडत नाही.

पाळकांनो, वडीलजनहो, आता तुमच्याशी सरळ बोलते.

आमच्या प्रोसिडिंग बुकची मी सुरुवातीपासूनची पाने उलटून पाहिली. प्रत्येक सभेचे पहिले वाक्य तेच आहे: "प्रार्थनेने सभेची सुरुवात झाली." कशासाठी प्रार्थना केली, कोण रडले, देवाने कशाला नाही म्हटले, यातले काही एकदाही नाही. खुर्च्या कोणत्या घ्याव्यात यावर मात्र दीड पान आहे, आणि तो वृत्तान्त मीच लिहिला आहे. आपण प्रार्थना करतो ती सभेला सुरुवात व्हावी म्हणून, शाळेत घंटा होते तशी.

इफिसच्या मंडळीला प्रकटीकरणाच्या 2ऱ्या अध्यायात जे पत्र गेले ते कमिटीत मोठ्याने वाचा. तिचे श्रम, तिचा धीर, खोट्या प्रेषितांना पारखून काढणे, नावासाठी सोसणे, न थकणे, सगळ्याची नोंद प्रभूने घेतली आहे. असा वार्षिक अहवाल कोणत्याही मंडळीला हवाहवासा वाटेल. आणि मग एकच वाक्य येते: तू आपली पहिली प्रीती सोडली आहेस. दिवठणी हलवण्याचा इशारा या मंडळीला दिला गेला, आळशी मंडळीला नाही. ज्या दिवशी आमची मंडळी सर्वांत जास्त राबत होती, त्या दिवशी तिला कोणी विचारले असते की तुझे प्रभूवर अजून प्रेम आहे का, तर तिने उत्तर देण्याआधी कार्यक्रमपत्रिका पाहिली असती, अशी मला भीती वाटते.

प्रेषितांपुढेही हाच पेच होता. विधवांच्या रोजच्या वाटपात कुरकुर सुरू झाली, आणि ती कुरकुर रास्त होती. त्यांनी काय केले? प्रेषितांची कृत्ये 6. वाटप बंद केले नाही, आणि स्वतः वाटायलाही उभे राहिले नाहीत. सात जण निवडायला सांगितले आणि म्हणाले, आम्ही प्रार्थनेत व वचनाच्या सेवेत तत्पर राहू. त्या सातांच्या निवडीची अट पाहा: आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण. पंगतीची व्यवस्था पाहणाऱ्यांसाठी ही अट! मला खजिनदार नेमताना तुम्ही विचारले की बँकेचे व्यवहार जमतात का. माझे प्रभूशी कसे चालले आहे हे कोणी विचारले नाही. 9 वर्षांत एकदाही नाही. विचारले असते तर कदाचित मी रडले असते, आणि ते माझ्यासाठी फार चांगले झाले असते.

आणि तुमचे तरी आम्ही काय केले आहे? आमचे पाळक दाखले लिहितात, परवानग्यांसाठी खेपा घालतात, गळक्या छताची चौकशी करतात, दोन घराण्यांमधले भांडण सोडवतात आणि शनिवारी रात्री उशिरा उपदेशाला बसतात. त्यांच्या प्रार्थनेच्या वेळावर आम्ही दरोडा घातला आणि वर म्हणतो, उपदेशात पूर्वीसारखा जिवंतपणा राहिला नाही. यात खजिनदार म्हणून माझाही वाटा आहे. कितीदा सकाळीच सहीसाठी जाऊन मी त्यांच्या दारावर थाप मारली आहे.

पंडिता रमाबाईंचे नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. 1883 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी लिहिले की बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी त्यांना उमगले, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण खुद्द ख्रिस्त मिळालेला नाही. एवढी विद्वान बाई, एवढे नाव झालेले, आणि हे लिहून ठेवायला कचरली नाही. नंतर दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुलीबाळींचा संसार त्यांच्या अंगावर होता. काम आहे म्हणून प्रार्थना टाळण्याचा हक्क कोणाला असेल तर त्यांना होता. 1905 च्या जानेवारीत त्यांनी मुक्ती मिशनमधल्या मुलींना रोज एकत्र येऊन प्रार्थना करण्यासाठी बोलावले. त्याच बाईने इब्री व ग्रीक शिकून, सामान्य बायकांना समजेल अशा मराठीत सबंध पवित्र शास्त्र आणण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षे दिली. 1922 साली त्या वारल्या तेव्हा भाषांतर हातावेगळे झाले होते. त्यांचे काम आणि त्यांची भक्ती यांच्यात भिंत शोधायला गेले तर सापडत नाही. आमच्याकडे मात्र ती भिंत आहे. तिच्या एका बाजूला मेज आणि दुसऱ्या बाजूला मोजणीची खोली.

हाग्गय संदेष्टा आपल्याला बांधकामाचा निधी काढायचा असला की आठवतो. पण दारयावेश राजाच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. 520 मध्ये, तो जे बोलला ते निधीविषयी नव्हते. बंदिवासातून परतलेल्यांनी मंदिराचा पाया घातला होता आणि विरोध झाल्यावर काम सोडले होते. सुमारे 16 वर्षे गेली. लोक म्हणत, अजून वेळ आलेली नाही. तोवर त्यांची स्वतःची तक्तपोशीची घरे उभी राहिली होती. देवाला नको, असे कोणीच म्हटले नव्हते. सगळे म्हणत होते, नंतर. ते पेरत पुष्कळ, आणीत थोडे, आणि मजुरी मिळे ती भोके पडलेल्या पिशवीत जाई. हे ऐकल्यावर ते उठले. पहिला संदेश सहाव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी आला आणि 24व्या दिवशी काम सुरू झाले. 16 वर्षांचे 'नंतर' 23 दिवसांत मोडले. मला या आकड्यांत फार मोठी आशा दिसते.

म्हणून मागणे मागते.

उपासना चालू असताना दान मोजणे बंद करा. थैल्या मेजाजवळ तशाच राहू द्या आणि आशीर्वाद झाल्यावर मोजा. हे मी कमिटीपुढे मांडले तेव्हा एकाने विचारले, मग त्याच रविवारी आकडा कसा जाहीर करणार? करू नका. पुढच्या रविवारी करा. आणि मोजणारेच काय, चपला-छत्र्या सांभाळणारे, ध्वनिक्षेपक पाहणारे, पाळण्याच्या खोलीत लहान बाळे घेऊन बसणाऱ्या आया, या सगळ्यांची एकदा यादी करा आणि पाहा की यांतले किती जण महिनोन्महिने मेजावर आलेलेच नाहीत. बशीत झाकून पाठवलेला तुकडा ही तुमची माया आहे, मी ती विसरणार नाही. पण प्रभूने "घ्या, खा" म्हटले ते एकत्र बसलेल्यांना.

वर्षातून एक महिना कमिटीची एकही सभा नको. जे अडेल ते अडू द्या. त्या वेळी तीच माणसे त्याच खोलीत जमावीत आणि वही न उघडता प्रार्थना करावी.

बाप्तिस्म्याच्या आणि दृढीकरणाच्या वर्गात मुलांना खर्च सांगा. त्याच लूक 14 मध्ये, मेजवानीच्या गोष्टीनंतर लगेच, प्रभू म्हणतो की बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो. आम्ही तरुणांना सभासदत्वाचा फॉर्म देतो, गायनमंडळात घेतो, खुर्च्या लावायला बोलावतो, आणि त्यांचे अख्खे आयुष्य देव मागतो आहे हे सांगायला आम्हाला संकोच होतो. ती निघून जातील अशी भीती वाटते. माझ्या पाहण्यात जी निघून गेली ती बहुतेक, आपण त्यांच्याकडून फार थोडे मागितले म्हणून गेली. खुर्च्या लावण्यासाठी कोणी जन्मभर थांबत नाही.

शेवटी एक कबुली, नाहीतर हे पत्र खोटे ठरेल. त्या रविवारनंतरच्या पहिल्या प्रभुभोजनाला मी थैल्या दुसऱ्याच्या हाती न देता तशाच ठेवायला लावल्या आणि बाकावर जाऊन बसले. वाटले होते, डोळे भरून येतील. तसे काही झाले नाही. मन मागच्या खोलीतच होते. पाळक भाकरी मोडत होते आणि मी नकळत अंदाज बांधत होते की आज थैली मागच्या महिन्यापेक्षा जड दिसते. इतकी वर्षे जिकडे मन वळवले होते तिकडेच ते पळत होते. मग 86व्या स्तोत्रातली ओळ आठवली: "तुझ्या नावाचे भय धरण्यास माझे चित्त एकाग्र कर." दावीद हे स्वतःच्या मनाला बजावत नाही. तो देवाकडे मागतो आहे. तुकडे मी केले, सांधणारा तो आहे, हे मला त्या बाकावर बसून पहिल्यांदा कळले. भाकरी माझ्यापर्यंत आली तेव्हा तळहातात घेतली. बोटांत काही नव्हते.

येत्या पहिल्या रविवारीही मी तिथेच बसेन. मोजणीचा तक्ता कोरा ठेवला आहे, तो आशीर्वादानंतर भरू. ज्या वडीलजनांना मोजणीला यायचे असेल त्यांनी तोवर माझ्या बाकावर यावे, जागा धरून ठेवते.

ख्रिस्तात आपली,
मंडळीची एक सभासद